दुखण्याचं पूर्ण नाव

‘दुखतंय’ असं कुणी म्हटलं की जिचे डोळे लकाकतात अशी अख्ख्या मुंबईत एकच व्यक्ती असेल, आणि ती नेमकी माझ्या नवऱ्याची आत्या निघाली. यात दुष्टपणाचा लवलेशही नाही, हे आधीच सांगते. तुम्ही कुणाला ‘पाठ दुखते हो’ म्हणालात तर तो लगेच स्वतःची कंबर काढतो, नाहीतर कपाटातला बाम. आत्या खुर्ची ओढतात. चष्मा पदराने पुसतात, तुमच्या अगदी समोर बसतात आणि विचारतात, “कसं दुखतं?” लग्नानंतर पहिल्यांदा मला हा प्रश्न आला तेव्हा मी बापडी म्हणाले, “खूप.” त्यावर त्यांनी इंग्रजीच्या बाईंनी चुकलेल्या स्पेलिंगकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. “किती ते विचारलं नाही गं मी. कसं ते विचारलं. ‘दुखतंय’ हे नुसतं आडनाव झालं. त्या आडनावाची हजार माणसं असतात. पूर्ण नाव सांग.” मी विमा कंपनीत नोकरी करते, दिवसभर लोकांकडून फॉर्मवर पूर्ण नाव लिहून घेते, पण दुखण्याला पूर्ण नाव असतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर पाऊण तास माझ्या पाठीची चौकशी चालली. चौकशी संपेपर्यंत पाठ दुखायची थांबली होती, ते निव्वळ धास्तीने की काय, मला सांगता येणार नाही.

ही सवय त्यांना नोकरीतून लागली. एका महापालिका रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीमागे त्यांनी तीस-बत्तीस वर्षं काढली. नाव, वय, पत्ता, आणि शेवटी तक्रारीसाठी बोटभर जागा, एवढंच लिहायचं काम. बाकीचे कारकून त्या जागेत ‘पोटदुखी’ लिहून पुढच्याला हाक मारायचे. आत्यांना ते जमेना. त्या विचारायच्या, बेंबीच्या वर की खाली, जेवणाआधी की नंतर, पिळल्यासारखं की टोचल्यासारखं. बोटभर जागा संपली की समासात लिहायच्या, समास संपला की कागद उलटायच्या. रांग फाटकापर्यंत जायची. शेवटी कुणीतरी तक्रार केली आणि मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. साहेबांनी त्यांच्यासमोरच एक केसपेपर मोठ्यांदा वाचला : ‘उजव्या कुशीत, लाटेसारखी येते व जाते, आली की इसम जागेवर बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो.’ साहेब म्हणाले, “बाई, निदान करायला आम्ही बसलोय ना इथे?” आत्या म्हणाल्या, “मी कुठे केलं साहेब? तो जे म्हणाला ते लिहिलं. मुतखडा आहे हे तुम्हीच ओळखायचं.” हा किस्सा आमच्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नात एकदा होतोच, आणि प्रत्येक वेळी साहेबांचा आवाज थोडा आणखी मोठा होतो. पण पुढचं खरं आहे, मी त्यांच्या जुन्या सहकारी बाईंकडून ऐकलंय. नव्याने आलेली शिकाऊ डॉक्टर पोरं गठ्ठ्यातून आत्यांच्या अक्षरातले कागद आधी उचलायची.

निवृत्त होऊन त्या मुलुंडला आपल्या एका खोलीच्या घरात राहायला लागल्या, आणि आता खिडकी नसल्यामुळे सगळा प्रदेशच मोकळा झाला. त्यांच्या मते दुखणं हे घरी आलेल्या माणसासारखं असतं. कोण आहे, कुठून आलंय, कशासाठी आलंय, हे न विचारता त्याला हाकलायचं नसतं. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर चालतो, म्हणजे आत कुठेतरी सूज नाहीतर पू धरलाय. चमक उठता-बसता येते आणि निघून जाते, ती स्नायूंची, तिला फार मान द्यायचा नाही. कळ लाटेने येते, ती नळ्यांची. पेटका येतो तो माणसाला झोपेतून उठवून बसवतो. मुंग्या, झिणझिण्या ही शिरांची मंडळी, त्यांच्यावर साधी गोळी चालत नाही. रग लागणं हे दुखणंच नव्हे, तो कष्टाचा पुरावा, त्याला गरम पाणी पुरे. एवढी सगळी फोड करून सांगणाऱ्या आत्या एका बाबतीत मात्र एक अक्षर ऐकून घेत नाहीत. शेजारचे जोशीकाका एकदा छातीत जड वाटतंय म्हणून मोठ्या आशेने त्यांच्यासमोर येऊन बसले, तर आत्यांनी खुर्ची ओढलीच नाही. “ह्याचं नाव माझ्याकडे विचारायचं नाही. चला, रिक्षा!” म्हणून चपला न घालता त्यांना खाली घेऊन गेल्या. जोशीकाका आज ठणठणीत आहेत आणि आत्यांच्या चपलांची आठवण काढून अजून हसतात.

माझी आणि त्यांची पहिली भेटच अशी झाली. घाटकोपरच्या हॉलमध्ये आमचं रिसेप्शन होतं, मी तीन तास हसून हसून गालफडं धरलेली, आणि एक उंच, सावळ्या, जाड काचांच्या चष्म्याच्या बाई स्टेजवर आल्या. मी वाकले. आशीर्वाद देण्याऐवजी त्या माझ्या कानात म्हणाल्या, “डाव्या बाजूला आंबाडा ओढतोय ना? केसांच्या मुळाशी ठसठसतंय?” मी थक्क होऊन मान हलवली. त्यांनी फोटोग्राफरला थांबवलं, माझ्या डोक्यातून तीन आकडे उपसले आणि ते नवऱ्याच्या हातात ठेवले. “धर. बायको हसताना एकच भुवई उचलत असली तर तिचं डोकं दुखत असतं. लक्षात ठेव.” आमच्या अल्बममध्ये त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत नवऱ्याच्या मुठीत आकडे आहेत आणि माझ्या चेहऱ्यावर खरंखुरं हसू आहे.

त्यांच्याबरोबर रस्त्याने जाणं म्हणजे मात्र परीक्षा. एकदा मुलुंड चेकनाक्याजवळ आम्ही रिक्षात बसलो. रिक्षावाला प्रत्येक सिग्नलला एका बाजूला कलंडायचा आणि मांडी चोळायचा. दोन सिग्नल आत्यांनी सोसले. तिसऱ्याला म्हणाल्या, “भय्या, पाँव को क्या हुआ?”

“कुछ नहीं माँजी, बस दुखता है.”

“बस दुखता है ऐसा नहीं चलेगा. सुई टोचने जैसा, के मुंग्या चलने जैसा?”

मुंग्या म्हणजे चींटियाँ हे मी भाषांतर केलं. तो बिचारा चमकला. बरोबर चींटियाँच चालत होत्या, मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, आणि फक्त उजव्याच पायात. आत्यांनी त्याला रिक्षा कडेला घ्यायला लावली, खाली उतरवलं, गोल फिरवलं आणि पँटच्या मागच्या खिशातून फुगलेलं पाकीट बाहेर काढायला सांगितलं. त्यात कुठल्या कुठल्या देवांचे फोटो, कार्डं आणि जुन्या पावत्या मिळून वीटभर ऐवज होता. “दिनभर इसके ऊपर बैठता है, तो शिर दबेगाच ना! आगे रख, नाहीतर डब्यात टाक. आणि आठ दिवसांत कमी नाही झालं तर डॉक्टर.” हिंदी संपल्यावर त्या मराठीवर आल्या होत्या, पण त्याला सगळं समजलं. बाकीचा सगळा रस्ता तो ताठ बसून चालवत होता. मला मात्र ऑफिसला वीस मिनिटं उशीर झाला, आणि कारण काय सांगायचं हे शेवटपर्यंत सुचलं नाही.

आता सगळ्या जगाच्या दुखण्यांचा ठाव घेणाऱ्या या बाईला स्वतःला काही दुखत असेल की नाही? विचारून बघा. उत्तर ठरलेलं, “माझं काय नाय.” आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आत्या दर रविवारी येतात आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर हमखास थांबतात. तिथे शेजाऱ्यांनी एक कुंडी ठेवली आहे. आत्या कठड्याला धरून दोन-तीन मिनिटं त्या झाडाचं कौतुक करतात, “काय तकाकी आहे गं पानांना!” झाड प्लॅस्टिकचं आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. इतक्या लहरींमध्ये आणखी एक लहर, असं समजून मी दर रविवारी त्या झाडाची तारीफ ऐकत आले.

गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आत्यांच्या धाकट्या भावाला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. पायाने हळूहळू ऐकलं, काठी घेऊन ते चालायला लागले. हाताचं मात्र काही खरं दिसेना. डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले काही महिने हाताचा व्यायाम चुकवायचा नाही, एकदा खांदा आखडला की हात कायमचा जाईल. त्यासाठी वाकोल्याहून एक गोड मुलगी दिवसाआड यायची, दोन बस बदलून. तिच्याकडे एक तक्ता होता. त्यावर सहा गोल चेहरे, पहिला हसरा, शेवटचा धाय मोकलून रडणारा. व्यायाम झाला की ती विचारायची, “आजोबा, किती दुखतंय?” आणि बाबा डावा हात उचलून हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे. ती खूश, आम्ही खूश.

पण महिना होता होता बाबा बदलले. ती मुलगी आली की तोंड भिंतीकडे फिरवायला लागले. जेवण लोटायला लागले. एकदा तर चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने भिरकावून दिला. सबंध आयुष्यात या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता. दुखत तर काही नाही, तक्ता तसं सांगत होता. मग एकच अर्थ उरत होता की बाबांनी मनातून हार मानली. नवरा त्यांच्यावर चिडला आणि मग बाल्कनीत जाऊन डोळे पुसत उभा राहिला. मीही कमी नव्हते. “बाबा, असं करून कसं चालेल?” असं मी मोठ्याने, शब्द तोडून तोडून म्हणाले, जणू त्यांचे कान गेले होते. ते आठवलं की मला आजही लाज वाटते.

आत्यांच्या नेमक्या त्याच वेळी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आधी एक डोळा, मग दुसरा, त्यामुळे त्यांना घराबाहेर पडायची बंदी होती. परवानगी मिळाल्याच्या दिवशी त्या मोठा काळा चष्मा लावून आल्या. प्लॅस्टिकच्या झाडाचं कौतुक त्या चष्म्यातूनही झालं. व्यायाम चालूच होता. त्या मुलीने बाबांचं मनगट धरून हात वर नेला, खाली आणला आणि तक्ता पुढे केला. बाबांनी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“थांब गो बाय,” आत्या दारातूनच म्हणाल्या. “ह्याच्या पायाची बोटं बघ.”

आम्ही सगळ्यांनी बघितलं. बाबांच्या डाव्या पायाची पाचही बोटं लादीत रुतावीत तशी आवळलेली होती.

“पण आजोबा दर वेळी हाच चेहरा दाखवतात ना,” मुलगी गोंधळून म्हणाली. “मला वाटलं, त्यांना पेन नाहीच आहे.”

“तो तुला उत्तर देत नाही गं, तुझं स्वागत करतोय,” आत्या म्हणाल्या. “आमच्या घरात बाहेरच्या माणसाने ‘कसे आहात’ विचारलं की ‘मजेत’ म्हणायचं. आमच्या आईला ताप असला तरी शेजारणीला सांगायची, बरी आहे. आल्यागेल्यासमोर दुखणं काढायचं नाही, ही आमची शिकवण. तू दोन बस बदलून येतेस, तुला वाईट वाटायला नको म्हणून हा हसरा दाखवतो.”

आत्यांनी खुर्ची ओढली. काळा चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग त्या गावच्या बोलीवर आल्या, जी एरवी फक्त या दोघांमध्येच चालायची.

“बाळ्या, खंय दुखता तुका? माका सांग. मी काय पावणी नाय.”

बाबांनी डावा हात उजव्या खांद्याला लावला. मग तो हात दंडावरून, कोपरावरून खाली नेत पंजावर आणला आणि तिथेच ठेवला. खांद्याचं लगेच उलगडलं. हात ओढला की सांधा खोबणीतून सुटल्यासारखा होतो का, या प्रश्नाला बाबांनी दोनदा मान हलवली. पंजाचं काही कळेना. आत्या एकेक नाव घेत गेल्या. ठणका? नाही. मुंग्या? नाही. टोचता? नाही. सुन्न पडलो? नाही. बत्तीस वर्षांचा सगळा साठा त्यांनी त्या खुर्चीत रिकामा केला आणि बाबा मान हलवत राहिले, नाही, नाही, नाही. शेवटी नावं संपली. मी त्यांना शब्दासाठी अडलेलं आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि मला फार भीती वाटली. बाबांना त्याहून जास्त वाटली असणार, कारण या घरात त्यांच्यासाठी शब्द आणू शकणारं तेवढं एकच माणूस होतं.

मग त्यांनी मला विचारलं, “हा हात दिवसभर कुठे ठेवतो तो?”

“खिडकीत,” मी म्हणाले. “कडाप्प्यावर. डाव्या हाताने उचलून ठेवतात. रस्ता बघत बसतात.”

आत्यांनी खिडकीच्या त्या काळ्या दगडावर तळवा टेकवून बघितला. सकाळच्या वेळी तो गार असतो. त्या परत येऊन बसल्या, आणि आईच्या आठवणीने त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“बाळ्या, मे महिन्यात आवशीबरोबर मसाल्याच्या मिरचेची देठां खुडूक बसायचो, आठवता? मगे रातभर हात भगभगत. तसा?”

बाबांचा चेहरा वाकडा झाला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते मान हलवत राहिले, हो, हो, हो, थांबेचनात. आत्यांनी त्यांचा डावा हात घट्ट धरला. “कळला माका. उगी रव. कळला.” ती मुलगीही रडत होती आणि “सॉरी आजोबा, सॉरी” म्हणत होती, आणि माझा नवरा या वेळी बाल्कनीत गेला नाही, तिथेच बापाच्या पायाशी बसला.

डॉक्टरांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. अर्थात आत्यांनी ते कागदावर लिहून दिलं होतं, समासासकट. ते म्हणाले, झटक्यानंतर काहींना असं होतं, ही शिरांची आग, हिचं औषध वेगळं. हात ओढायचा नाही, खाली लोंबू द्यायचा नाही, बसताना कायम उशीचा आधार द्यायचा. औषध लागू पडायला काही आठवडे गेले, पण पडलं. व्यायाम नव्याने सुरू झाला. आज बाबा उजव्या हाताने नॅपकिन धरतात. फार नाही, पण धरतात.

आत्यांनी तो चेहऱ्यांचा तक्ता परत करून स्वतःचा तक्ता केला, दिनदर्शिकेच्या जुन्या पानामागे, स्केचपेनने. ठणक्यासाठी हातोडी, चमकेसाठी वीज, कळेसाठी पिळलेलं फडकं, मुंग्यांसाठी मुंग्या आणि भगभगीसाठी लाल मिरची. चित्रकला हा त्यांचा प्रांत नव्हे. मिरची वांग्यासारखी दिसते आणि मुंग्या पाहून माझ्या नवऱ्याने “ह्या म्हशी कशाला?” असं विचारलं होतं. पण बाबांना सगळं कळतं. काही दुखलं की ते तक्त्यावर बोट ठेवतात, आणि काही दुखत नसलं तरी गंमत म्हणून म्हशींवर ठेवतात.

अशाच एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आत्या बाबांशेजारी दिवाणावर बसल्या होत्या. बाबांनी काठीच्या टोकाने त्यांचा उजवा गुडघा हळूच टोचला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. आत्या हसल्या. “माझं काय नाय.” बाबांनी पुन्हा टोचलं. “अरे, काय नाय म्हणते ना!” मग बाबा काठीने सावकाश जमिनीवर ठोकत राहिले, एक, दोन, तीन, चार, मध्ये थांबून, कठड्याला धरल्यासारखा डावा हात पुढे करून, मान वळवून, झाडाकडे कौतुकाने बघितल्यासारखं करून. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून तेव्हा मीच हाक मारायचे, आणि मला दिसलं नव्हतं. बाबांनी आतून नुसत्या पावलांवरून आणि झाडाच्या त्या कौतुकावरून ओळखलं होतं.

आत्या उठल्या, स्केचपेन मागून घेतला आणि तक्त्याच्या कोपऱ्यात एक चित्र काढलं. दाराची बिजागरी होती ती. “गंजलेली,” त्या आमच्याकडे पाठ ठेवून म्हणाल्या. “सकाळची पहिली दहा पावलं, आणि जिना. चार वर्षं झाली.” त्या परत येऊन बसल्या तेव्हा बाबांनी आपल्या उजव्या हाताखालची उशी डाव्या हाताने ओढून काढली आणि त्यांच्या गुडघ्याखाली सारली. “अरे, तुझा हात लोंबतोय मेल्या!” म्हणून आत्या ओरडल्या, पण उशी त्यांनी काढली नाही. मी आतून दुसरी उशी आणली.

मग डॉक्टर झाले, गुडघ्याचे व्यायाम लागले, ते करायला ती वाकोल्याची मुलगीच लावते. आत्या अजूनही दर रविवारी येतात आणि अजूनही वळणावर थांबतात. मी आता वरून हाक मारत नाही. दार उघडं ठेवते, दोन उशा दिवाणावर मांडते आणि खाली जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहते. आम्ही दोघी मिळून त्या प्लॅस्टिकच्या झाडाचं कौतुक करतो, त्यांना पुढची पायरी चढावीशी वाटेपर्यंत.